वरचा थर
(मननासाठी : लूककृत शुभवर्तमान 3:10-14)



1 मे हा दिवस आपल्याकडे तीन-चार नावांनी येतो. महाराष्ट्र दिन, कामगार दिन, गावोगावच्या ग्रामसभेचा दिवस, आणि आपल्यासाठी कामगार संत योसेफ यांचा सण. हा सण तसा जुना नाही. पोप पायस बारावे यांनी तो 1955 साली सुरू केला. जगभर कामगार ज्या दिवशी एकत्र येतात, त्या दिवशी ख्रिस्तसभाही त्यांच्यासोबत असावी, असा त्यामागचा हेतू होता. या निमित्ताने आपल्या रोजच्या कामाविषयी थोडे लिहावे असे आम्ही ठरवले होते. पण लिहायला बसलो तेव्हा एक प्रसंग आठवला. तो आधी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मागच्या टोमॅटोच्या हंगामातली गोष्ट. मिस्सा आटोपल्यावर आपल्यापैकीच एक भाऊ पायरीवर थांबला होता. (हे बोलणे प्रायश्चित्त संस्कारातले नाही, आणि त्याची परवानगी घेऊनच आम्ही येथे लिहीत आहोत.) तो तोडणीला आणि क्रेट भरायला रोजाने जात असे. तो म्हणाला, "फादर, मालक सांगतो, खाली बारका आणि डागी माल टाक, वर लालबुंद, एकसारखा थर लाव. भरतो मीच. हे पाप माझं का मालकाचं?"

आम्हाला घाई होती. दुसऱ्या गावात एका आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद द्यायचा होता. आम्ही मोटारसायकलला किक मारता मारता सांगून टाकले, "खोटं ते खोटंच. नाही म्हणून सांग." त्याने तसे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून त्याला कामावर बोलावणे आले नाही. ऐन हंगामात तीन आठवडे तो घरी बसून होता. रविवारी मात्र मिस्साला येत होता आणि आम्हाला त्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. आम्हाला कळले ते त्याच्या शेजाऱ्याकडून.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र शिकलो. दुसऱ्याच्या वाईट कृत्यात आपला हात किती, हे ठरवण्याच्या कसोट्या तेथे शिकवतात. एकजण फसवणूक मनापासून इच्छितो आणि तिचा फायदा घेतो. दुसऱ्याला ती नको असते, पण त्याचा हात तिच्यात गुंतलेला असतो. तिसरा नुसता टेम्पो चालवतो. तिघांचा दोष सारखा नसतो. पोटाचा धाक असेल तर दोष आणखी हलका होतो, मात्र वाईट कृत्य त्यामुळे चांगले ठरत नाही. त्या भावाचा प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्याचे उत्तर आम्हाला येत होते. आम्ही दिले ते उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धे होते. मालकाचा वाटा किती, घेणाऱ्याचा किती, आणि "नाही" म्हटल्यावर त्या घरातली चूल कोणी पेटवायची, हा उरलेला अर्धा भाग आम्ही गिळून टाकला. आमच्या उपदेशाची किंमत त्याने तीन आठवड्यांच्या मजुरीने भरली.

आता योहान बाप्तिस्त्याकडे पाहा. यार्देनेच्या काठी लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावे? जकातदार येतात, शिपाई येतात. दोन्ही धंदे त्या काळी बदनाम होते. धंदा सोडा आणि माझ्याबरोबर रानात चला, असे योहान त्यांना सांगत नाही. जकातदारांना तो सांगतो, ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, कोणाला धमकावून पैसे काढू नका, आपल्या पगारात राहा. पण आमचे लक्ष याच्या आधी जे येते त्याकडे उशिरा गेले. सर्वांत प्रथम तो जमावाला सांगतो की दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, आणि अन्नाचेही तसेच. प्रामाणिक राहायला सांगण्याआधी त्याने वाटून घ्यायला सांगितले आहे. हा क्रम आम्ही उलटा केला होता.

आता मालकांविषयी. आपल्या धर्मग्रामात शेतमालकही आहेत, त्यामुळे हे परक्याचे नाही. एका शेतकरी बांधवाने आम्हाला स्पष्टच ऐकवले, "फादर, सगळेच वर चांगला थर लावतात. आडतीवर घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, तो तेवढा भाव पाडूनच बोलतो. मी एकट्याने सरळ माल भरला तर मलाच तोटा." हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. 2023 च्या जुलैत नारायणगावला वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांचा टप्पा ओलांडला, आणि थोड्याच महिन्यांत भाव असे कोसळले की तोडणीचा खर्च निघेना. अशा बाजारात माणूस मिळेल तो आधार धरतो. पण त्या बांधवाचे बोलणे शेवटपर्यंत नेऊन पाहावे. सगळेच वर चांगला थर लावत असतील, तर वरच्या थरावरून काहीच कळत नाही. घेणारा सगळ्यांनाच खोटे धरतो आणि खऱ्या मालालाही खोट्याचा भाव देतो. म्हणजे लबाडीचा फायदा आता लबाडालाही मिळत नाही, फक्त सवय उरली आहे. ती मोडायची तर एकट्याने मोडत नाही. चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून एकाच प्रतीचा माल भरला, सलग काही बाजार तो टिकवला, तर घेणारा त्यांचे क्रेट ओळखू लागेल. आम्ही काही व्यापारी नाही, आमचा अंदाज चुकूही शकेल. पण करून पाहण्यासारखे आहे.

अनुवादाच्या पुस्तकात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. ज्यांच्या घरी शनिवारी "पुढच्या बाजारी देतो" असे सांगितले जाते, त्यांनी हे वचन काढून वाचावे. आणि बाईमाणसाला त्याच कामाची मजुरी कमी का, याचे उत्तर आम्हाला अजून कोणी देऊ शकलेले नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली मानवी श्रमावर एक परिपत्रक लिहिले. तरुणपणी त्यांनी स्वतः दगडाच्या खाणीत आणि रसायनाच्या कारखान्यात काम केले होते. त्यातला एक विचार आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. कामाचे दोन परिणाम होतात. एक बाहेर दिसतो : भरलेला क्रेट, बांधलेली भिंत, लिहिलेली फाइल. दुसरा काम करणाऱ्याच्या आत होतो. क्रेट बाजारात जातो, पण तो भरताना हाताला लागलेले वळण घरी परत येते. मुलांना ते न शिकवता कळते. प्रभू येशूही सुताराच्या घरात हे असेच शिकला असेल. दुसऱ्या शतकातले हुतात्मा संत जस्टिन लिहितात की तो नांगर आणि जू बनवीत असे. ज्या जुवाने बैलाच्या मानेला जखम होते ते त्याच्या हातून घडले नसणार, एवढे आपण नक्की समजू शकतो.

आपल्या गावाबाहेर रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड थाळ्या आहेत. एकूण तीस, प्रत्येक पंचेचाळीस मीटर व्यासाची. पाहुण्यांना वाटते दुर्बीण म्हणजे खोडदच्या मध्यभागी दिसतात त्या. तेथे चौदाच आहेत. उरलेल्या सोळा दूरवर, तीन दिशांना, इतर गावांच्या शिवारात एकेकट्या उभ्या आहेत. त्या दूरच्या थाळ्यांमुळेच आकाशातले बारीक तपशील वेगळे ओळखता येतात. रविवारी देवळात आपण जमतो ते मधल्या चौदांसारखे. सोमवारी आपल्यातला एक आडतीवर असतो, एक शाळेत, एक दवाखान्यात, एक तलाठ्याच्या दारात. ख्रिस्तसभा तेव्हाही सुरूच असते.

राहिली ग्रामसभा. नोव्हेनाला नऊ दिवस न चुकता येणारी आपली माणसे ग्रामसभेला सहसा दिसत नाहीत. "आपली घरं थोडी, आपलं कोण ऐकतंय," असे म्हणतात. शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात फादर हर्मन बाखर नावाचे येशूसंघीय धर्मगुरू 1948 साली स्वित्झर्लंडहून आले. दुष्काळी गावांत पाणलोटाचे काम त्यांनी आयुष्यभर लावून धरले, आणि 2021 साली ते देवाघरी गेले. चराईबंदी, वृक्षतोडबंदी, श्रमदान, हे सारे गावाने एकत्र बसून ठरवल्याशिवाय होत नसे, कारण डोंगरावरून येणारे पाणी कोणाचा धर्म विचारून मुरत नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली, तीही साऱ्या वसईच्या जमिनीसाठी आणि पाण्यासाठी होती. आपले प्रश्न याहून लहान असतील : पाणंद रस्ता, अंगणवाडीचे छत, नळाची वेळ. पण तेथे बसून हात वर करावा लागतो. आणि निवडणुकीच्या आदल्या रात्री घरपोच येणाऱ्या पाकिटाविषयी आम्ही वेगळे काही लिहीत नाही. वरचा थर तेथेही असतो.

म्हणून यंदा 1 मेचा मिस्सा सकाळी 6.30 वाजता होईल, म्हणजे कामालाही जाता येईल आणि ग्रामसभेलाही. येताना आपापले अवजार आणावे, आशीर्वाद देण्यात येईल : विळा, खुरपे, थापी, शिलाईची कात्री, काहीही. मिस्सानंतर तोडणीसाठी माणसे लागणाऱ्या शेतकरी बांधवांनी दहा मिनिटे थांबावे. वर ज्या भावाविषयी लिहिले तो सध्या दुसरीकडे कमी रोजावर जातो. त्याच्यासारखे आणखी दोघे आमच्याकडे येऊन गेले आहेत. या हंगामात त्यांना कोण कामावर घेणार, आणि काम मिळेपर्यंत त्यांच्या घरी धान्य कोठून जाणार, हे त्या दहा मिनिटांत ठरवायचे आहे. पहिले पोते आमच्याकडून.