सरकीपासून सुतापर्यंत

दसरा-दिवाळीच्या सुमारास विदर्भातील काळ्या जमिनीत कपाशीची बोंडे फुटू लागतात. त्या दिवसांत यवतमाळ, अकोला किंवा वर्धा जिल्ह्यातून प्रवास केला, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी शेते पसरलेली दिसतात आणि कापसाने फुगलेल्या गाड्या एकामागून एक जिनिंग कारखान्याकडे चाललेल्या आढळतात. गाडीवर बसलेल्या शेतकऱ्याने पेरणीपासून वेचणीपर्यंत कित्येक महिने या कापसासाठी कष्ट केलेले असतात. बियाणे, जमीन आणि पाऊस यांवर कापसाची प्रत ठरते, हे तर खरेच. परंतु कारखान्याच्या फाटकातून गाडी आत गेल्यावर त्या कापसाचे जे होते, त्यावर त्याचे सूत चांगले निघणार की वाईट, हे पुष्कळसे अवलंबून असते. कसे, ते आता पाहू.

फुटलेल्या बोंडातील कापसाची एक पाकळी हाती घ्या. तिच्यात सरकीचे काही दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर हजारो बारीक तंतू उगवलेले असतात. तो प्रत्येक तंतू म्हणजे एकच एक लांबलेली पेशी होय! बोंड मिटलेले असते तेव्हा हा तंतू एखाद्या नळीसारखा असतो. बोंड फुटले, की तो सुकून चपटा होतो आणि त्याला ठिकठिकाणी पीळ पडतात. शेजारच्या तंतूंना धरून ठेवण्यास हे पीळ फार उपयोगी पडतात. एक तंतू हळूच उपटून मोजपट्टीवर ठेवा. आपल्याकडे आज होणाऱ्या बहुतेक कापसाचा तंतू २८ ते ३० मिलिमीटर भरतो. ही लांबी ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी कथा तिचीच आहे.

सरकीपासून तंतू वेगळे करण्याच्या क्रियेला रेचाई किंवा जिनिंग म्हणतात, आणि सुट्या झालेल्या तंतूंना रुई. १०० किलो कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते. उरलेली बहुतेक सरकी. सरकीचे तेल निघते आणि ढेप गुरांना मिळते, पण तो विषय वेगळा.

पूर्वी रेचाई घरोघरी हातरेच्यावर होत असे. एकमेकांना लागून फिरणाऱ्या दोन दांड्यांमधून तंतू पलीकडे ओढले जात आणि सरकी अलीकडे पडत असे. १७९३ साली अमेरिकेत एली व्हिटनी याने दातेरी चक्रांचे यंत्र बनवले. त्याने काम झपाट्याने होऊ लागले. मात्र करवतीसारखे ते दाते तंतूंना ओरबाडून काढतात, त्यामुळे लांब धाग्याच्या नाजूक कापसाला ते मानवत नाहीत. १८४० साली मॅकार्थी या अमेरिकन माणसाने कातड्याच्या रुळाचे यंत्र काढले. भारतातील बहुतेक कारखान्यांत आज जी दोन रुळांची यंत्रे आहेत, ती त्याच जातीची. कातड्याचा खरबरीत रूळ तंतूंना धरून ओढतो, रुळाला टेकलेले स्थिर पाते सरकीला अडवते आणि वरखाली हलणारे दुसरे पाते तिला ठोकून मोकळी करते. रूळ झिजला किंवा पाती नीट बसवलेली नसली, की सरकी चिरडते आणि तिच्या सालीचे तुकडे रुईत मिसळतात. पुढे सुतात काळे ठिपके दिसतात, ते कित्येकदा याच तुकड्यांचे असतात.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. तंतू सरकीपासून सुटण्यास जेवढा जोर लागतो, त्याहून अधिक जोर तो मध्येच तुटण्यास लागतो. निसर्गाची ही सवलत आहे म्हणून रेचाई होऊ शकते. पण ही सवलत नेहमी सारखी नसते. ती कापसातील ओलाव्याबरोबर कमीजास्त होते.

कापसाचा एक गुण विलक्षण आहे. लोकर किंवा रेशीम भिजले म्हणजे दुबळे होते, कागद तर हातातच फाटतो. कापूस मात्र भिजला, की अधिक बळकट होतो. याची परीक्षा तुम्हीही घेऊ शकता. सुती दोऱ्याचे सारखे तुकडे घ्या, त्यांतले निम्मे पाण्यात भिजवा आणि प्रत्येकाला वजन टांगून तो किती वजनाला तुटतो, ते वहीत मांडा. एकाच तुकड्यावर भरवसा ठेवू नका. दहा-दहा तरी तुकडे घ्या.

ज्या तंतूतील पाणी गेले, तो ठिसूळ झाला. विदर्भात रेचाईचे काम उन्हाळ्यापर्यंत चालते. वैशाखातील कोरड्या, तापलेल्या वाऱ्यात उघड्यावर पडलेला कापूस पार सुकून जातो. असा कापूस यंत्रात घातला, तर कित्येक तंतू सरकीपासून सुटण्याऐवजी मध्येच तुटतात. २९ मिलिमीटरच्या तंतूचे दोन आखूड तुकडे होतात! शिवाय कोरड्या तंतूंत घर्षणाने वीज उत्पन्न होते. थंडीच्या दिवसांत कंगव्याला केस चिकटतात ना, तसेच हे तंतू यंत्राच्या भागांना चिकटतात. म्हणून सुधारलेल्या कारखान्यांत अशा कापसावर रेचाईपूर्वी पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार सोडतात.

मग कापूस भिजवूनच यंत्रात का घालू नये? तेही चालत नाही. ओल्या कापसाला पानांचा चुरा आणि धूळ घट्ट चिकटून राहते, तंतूंच्या गुठळ्या होतात, रूळ तुंबतात. पहाटेच्या दवात वेचलेला ओला कापूस ढिगात दडपून ठेवला, तर तो आतून तापतो आणि पिवळा पडतो. कापूस वजनावर विकला जातो. तेव्हा विक्रीपूर्वी त्यावर पाणी मारण्याचा मोह काही जणांना होतो. चार पैशांच्या लोभाने केलेल्या त्या ओलीचे डाग सगळ्या ढिगाला भोगावे लागतात. रेचाईच्या वेळी कापसात सुमारे ८ टक्के ओलावा असणे उत्तम, असा अनुभव आहे. अमेरिकेत यंत्रांनी वेचलेला कापूस गरम हवेने वाळवून घेतात. तेथेही उष्णता वाजवीपेक्षा वाढली, की तंतू तुटू लागतात.

आखूड झालेल्या तंतूंचे एवढे काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी सूतगिरणीत जावे लागेल. सुतात कोठेही गाठ नसते. एकमेकांना बिलगलेले तंतू केवळ पिळाच्या आणि घर्षणाच्या बळावर एकत्र राहतात. तंतू जितका लांब, तितका तो शेजाऱ्यांना अधिक अंतरापर्यंत धरतो. सूत काढण्यापूर्वी पेळू बारीक करण्यासाठी तो रुळांच्या जोड्यांमधून नेतात. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वेगाने फिरते, त्यामुळे पेळू ताणला जातो. दोन जोड्यांतील अंतर तंतूच्या लांबीला अनुसरून ठेवलेले असते. लांब तंतूला मागची जोडी सोडते न सोडते, तोच पुढची जोडी पकडते. आखूड तंतू मात्र दोहोंच्या मध्ये अधांतरी राहतो. त्याला कोणीच धरलेले नसते. तो शेजाऱ्यांबरोबर वाटेल तेव्हा पुढे ओढला जातो. अशा तंतूंचे पुंजके जेथे जमतात तेथे सूत जाड होते आणि जेथे ते नसतात तेथे बारीक. त्या बारीक जागीच ते तुटते.

कापसाच्या या गुणांची शास्त्रीय तपासणी मुंबईत माटुंगा येथे १९२४ साली स्थापन झालेल्या प्रयोगशाळेत होऊ लागली. आज ती केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, आणि नागपूर येथे तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. तंतूंची परीक्षा ज्या दालनात करतात, तेथील हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के राखण्याची पद्धत आहे. नाहीतर सकाळी मोजलेले बळ आणि दुपारी मोजलेले बळ यांचा मेळच बसणार नाही!

गिरणीच्या कताई खात्यातही हवा मुद्दाम दमट ठेवलेली असते. तेथे चात्या मिनिटाला १५,००० हून अधिक फेरे घेतात. एखाद्या चातीवरचे सूत तुटले, की कामगार लगबगीने तेथे पोहोचतो, तुटलेले टोक शोधून ते पुन्हा तंतूंना लावतो आणि चाती फिरू लागते. तो सांधा मात्र सुतात राहतो. जाड्याभरड्या सुती कापडावरून बोट फिरवले, तर कधीकधी तो आपल्याला जाणवतो.