फिकट लव्हेंडर रंग शुभ की शोकाचा?

प्रश्न : मुलीच्या खोलीसाठी आम्ही फिकट लव्हेंडर रंग पसंत केला आहे. ओळखीतल्या एक बाई म्हणाल्या, ‘हा दुःखाचा रंग आहे.’ इंटरनेटवर पाहिले तर कुणी त्याला राजेशाही म्हणते, कुणी शांततेचा. यातले खरे काय? शिवाय शेड कार्डवर छान जांभळट दिसणारा हा रंग शेजाऱ्यांच्या भिंतीवर चक्क राखाडी दिसतो. असे का होते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या ओळखीच्या बाईंचे म्हणणे निराधार नाही आणि इंटरनेटवरचेही नाही. या रंगाला वेगवेगळ्या काळात वेगवेगळे अर्थ चिकटले, आणि ते सगळे माणसांनी चिकटवले.

राजेशाहीचा अर्थ सर्वांत जुना. प्राचीन काळी भूमध्य समुद्राच्या काठावर म्युरेक्स नावाच्या समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग काढत. १९०९ मध्ये पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने या रंगाचे घटक तपासायचे ठरवले, तेव्हा १२,००० गोगलगायींतून त्याच्या हाती जेमतेम १.४ ग्रॅम रंगद्रव्य आले. इतकी महाग वस्तू सामान्यांच्या अंगावर येणार कुठून? रोममध्ये तर ती सम्राटाची खूण झाली.

ही मक्तेदारी कायमची मोडली ती १८५६ मध्ये. विल्यम हेन्री पर्किन हा १८ वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये डांबरापासून निघणाऱ्या रसायनातून क्विनाइन बनवण्याच्या खटपटीत होता. क्विनाइन काही जमले नाही, पण भांड्यात उरलेल्या काळ्या गाळातून रेशमाला सुंदर जांभळा करणारा रंग मिळाला. हाच ‘मॉव्ह’. जानेवारी १८५८ मध्ये थोरल्या मुलीच्या लग्नात व्हिक्टोरिया राणीने याच छटेचा पोशाख केला आणि हा रंग घरोघरी पोचला.

दुःखाचा अर्थही त्याच इंग्लंडातला. नवरा गेल्यावर बाईने दीर्घकाळ काळे कपडे घालायचे आणि मग शोक हलका करत राखाडी, मॉव्ह, लव्हेंडर अशा छटांवर यायचे, असा तिथल्या सुखवस्तू घरांचा रिवाज होता. म्हणजे एकाच देशात, एकाच काळात ही छटा लग्नातही चालली आणि सुतकातही. पुढे १९०८ पासून मताधिकारासाठी लढणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांनी पांढऱ्या आणि हिरव्याबरोबर जांभळा आपल्या चळवळीचा रंग केला. आज सर्व प्रकारच्या कर्करोगांविषयी जागृतीसाठी लावतात ती फीतही लव्हेंडर रंगाची असते.

आपल्याकडे हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, चुड्याचा हिरवा या रंगांना विधींत ठरलेली जागा आहे. फिकट लव्हेंडरला तशी जागा नाही, तसा निषेधही नाही. त्यामुळे शुभ-अशुभाची काळजी मनातून काढून टाका. शांततेचे म्हणाल, तर ती ख्याती मुळात लव्हेंडरच्या फुलाच्या सुवासाची. हे झुडूप आपल्या तुळशीच्याच कुळातले. फिकट रंग डोळ्यांवर येत नाही, त्यामुळे खोली निवांत वाटते, एवढे खात्रीने म्हणता येईल. भिंतीच्या रंगाने झोप लागते, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आता भिंतीचा प्रश्न. संगणकावर ‘लव्हेंडर’ नावाने जी छटा ठरलेली आहे, तिच्यात २५५ पैकी लाल २३०, हिरवा २३० आणि निळा २५० असतो. म्हणजे हा जवळजवळ पांढराच रंग. निळ्याचे २० अंश जास्त आहेत म्हणून तो लव्हेंडर. रंगाच्या दुकानात याच नावाखाली गुलाबीकडे झुकणाऱ्या छटाही मिळतात. पण दोन्हींचा जीव त्या थोड्याशा निळाईत असतो. पिवळसर बल्बच्या उजेडात निळा अंश मुळातच कमी, त्यामुळे भिंतीने परत पाठवायला निळे काही उरत नाही आणि रंग राखाडी किंवा मळकट गुलाबी दिसतो. ढगाळ दिवसाचा उजेड याच्या उलट, निळसर असतो. कास पठार तुमच्या जवळच आहे. तिथे टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, तेव्हा पावसाळी आभाळाखाली ती किती निळी-जांभळी दिसते ते आठवा. शेजाऱ्यांच्या खोलीत पिवळे दिवे असतील तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

दुसरे कारण शेजारच्या रंगांचे. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेल्या शेव्हरल यांनी १८३९ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलून दाखवतात, हे त्यांनी त्यात मांडले. पिवळा हा जांभळ्याचा विरोधी रंग. म्हणून सागवानी कपाट किंवा पितळी मूठ जवळ असली की लव्हेंडर जास्त खुलून जांभळा दिसतो. हिरवट कोटा फरशीजवळ तो गुलाबीकडे झुकतो. शहाबादी फरशीच्या राखाडीशी त्याचे चांगले जमते. छत मात्र स्वच्छ पांढरे ठेवा. पिवळसर क्रीम छताखाली ही भिंत उगाचच गडद वाटते.

हा रंग आवडला म्हणून उद्या लग्नपत्रिकेवर किंवा दुकानाच्या फलकावर वापरणार असाल, तर एक सांगतो. लव्हेंडरवर पांढरी अक्षरे घेऊ नका. वर सांगितलेल्या छटेचा पांढऱ्याशी उजळपणातील फरक १.२ पटच भरतो. वाचनीयतेच्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार बारीक मजकुरासाठी तो निदान ४.५ पट हवा. काळ्या अक्षरांना तो १७ पट मिळतो, गडद जांभळ्यालाही १० पट. सोनेरी अक्षरे शोभेच्या नावापुरती ठेवा. पत्ता आणि वेळ गडद शाईत छापा, म्हणजे आजी-आजोबांनाही वाचता येईल.

भिंतीसाठी शेड कार्डवरच्या बोटभर चौकोनावर निर्णय घेऊ नका. छोटा डबा आणा, दोन फूट बाय दोन फुटांच्या हार्डबोर्डवर प्राइमर लावून रंगाचे दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. मग तो तुकडा खिडकीसमोरच्या आणि खिडकीच्या बाजूच्या अशा दोन्ही भिंतींना टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहा. मुलगी खोलीत जास्त वेळ रात्री असेल, तर रात्रीचे दिसणे खरे माना. तेव्हा राखाडी वाटला तर शेड कार्डवर एक पायरी गडद छटा घ्या, किंवा पिवळ्या बल्बऐवजी ४,००० केल्विनचा पांढरा दिवा लावा. रात्रीही आवडला, तर बिनधास्त लावा.