सगळे मिळून पोचू या

आषाढ शुद्ध दशमीचा दिवस. वाखरीचा माळ माणसांनी फुलून गेलेला असतो. आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची पालखी आलेली असते. देहूहून तुकोबांची पालखी आलेली असते. आणखीही संतांच्या पालख्या इथेच येऊन मिळतात. पंढरपूर आता अगदी जवळ आलेले असते.

आळंदीचा वारकरी इथवर दोनशे किलोमीटरांहून जास्त चाललेला असतो. घर सोडून अठरा-एकोणीस दिवस होत आलेले असतात. तो दिवेघाट चढला. नीरा नदी ओलांडून आला. पावसात भिजला आणि उन्हात वाळला. टाचांना भेगा पडल्या, पायाला फोड आले. एवढी लांबची वाट एकट्याने सरत नाही. ती सोबतीने सरते.

या सोबतीला दिंडी म्हणतात. दिंडीत पुढे भगव्या पताका असतात. त्यांच्या मागे टाळकरी, पखवाजवाला आणि विणेकरी. त्यांच्या मागे बाया. कुणाच्या डोक्यावर तुळस, तर कुणाच्या डोक्यावर पाण्याचा हंडा. चालणारा थकला, तर शेजारचा विचारतो, "का हो माउली, पाय लई दुखत्यात का? द्या ते गाठोडं इकडं." इथे सगळे एकमेकांना माउलीच म्हणतात. माउली म्हणजे आई. लहान-मोठा दोघेही एकमेकांच्या पाया पडतात.

माउलींच्या पालखीतला एक रिवाज ऐकण्यासारखा आहे. संध्याकाळी मुक्कामावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा मोठा गजर चालू असतो. मग चोपदार आपला दंड वर करतो. त्याबरोबर हजारो टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो. तिचे म्हणणे ऐकून घेतो. मग हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारतात. नंतर आरती होते. पाहा बरे! एका दिंडीचे गाऱ्हाणे असले, तरी सगळी वारी तिच्यासाठी थांबते.

असे हे सोबत चालणे. पण सोबत चालणे वेगळे आणि सोबत पोचणे वेगळे.

संत चोखोबांचे नाव तुम्ही ऐकले आहे. ते मंगळवेढ्याचे. विठ्ठलाचे मोठे भक्त. पण जन्म महार जातीत. म्हणून त्यांना देवळात जाऊ दिले नाही. मंगळवेढ्यात गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली. तिच्याखाली सापडून ते १३३८ साली वारले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या, असे सांगतात. चोखोबांची समाधी आजही देवळाच्या महाद्वारासमोर आहे. नामदेव पायरीच्या पुढ्यात. देवळाच्या बाहेर.

त्यानंतर सहाशे वर्षे उलटली. तरी रीत तीच राहिली. कित्येक वारकरी तीच वाट चालत आले. तोच पाऊस त्यांनी अंगावर घेतला. तेच अभंग म्हटले. पण देवाच्या दारात आल्यावर काही जण आत गेले आणि काही जण पायरीशी थांबले. वाटेवरही भेद होताच. इरावती कर्वे या विदुषी वारीत चालल्या. त्यांनी 'वाटचाल' नावाचा लेख लिहिला. त्यांच्या दिंडीत सगळे एकत्र भजन म्हणत, पण जातीजातींच्या चुली वेगळ्या असत.

हे साने गुरुजींना सहन झाले नाही. आधी ते गावोगाव हिंडले. विठ्ठलाचे देऊळ सर्वांना उघडा, असे लोकांना समजावून सांगितले. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दार उघडण्याचे कबूल झाले, तेव्हा १० मे रोजी त्यांनी उपोषण सोडले. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी आपल्या देशाची राज्यघटना लागू झाली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. आता कुणालाही जातीवरून देवळाच्या बाहेर ठेवणे हा गुन्हा आहे.

आज दार सर्वांना उघडे आहे. पण आषाढीला रांग फार लांब असते. म्हाताऱ्या माणसाला इतका वेळ उभे राहवत नाही. मग तो चंद्रभागेत स्नान करतो, कळसाकडे पाहून हात जोडतो आणि वारी पावली म्हणतो. पुष्कळ वेळा त्याच्या शेजारी एखादा तरणा गडीही उभा असतो. त्याच्या पायात बळ असते. तो रांगेत जाऊ शकला असता. पण म्हाताऱ्याला एकटे सोडून तो जात नाही.

पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. लाह्या, दही, ज्याने जे आणले ते सारे एकत्र कालवतात. एकमेकांच्या तोंडी घास भरवतात. कुणाचे दही कोणते, हे मग ओळखता येत नाही. वारीचा शेवट असा होतो. ज्यांच्या संगतीने चाललो, त्यांच्या हातचे खायचे, आणि मगच घराकडे वळायचे.

घरी आल्यावर आपल्या गावाकडेही एकदा नीट पाहावे. पाणवठा, देऊळ, पंगत, मसणवट. तिथे अजून कुणी पायरीशी थांबला आहे काय? असेल, तर आपली वारी अजून पोचायची आहे.

विचार करा आणि सांगा

१. मुक्कामावर तक्रार असलेली दिंडी काय करते?
२. चोखोबांची समाधी कुठे आहे? ती आत का नाही?
३. साने गुरुजींनी कशासाठी उपोषण केले?
४. तुमच्या गावात सगळ्यांनी एकत्र बसून जेवावे, असा प्रसंग कोणता? तो कसा घडवून आणाल?