ड्रॉइंग पिना लावलेला पियानो

जॅझ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बड्या हॉटेलच्या लॉबीत मंद वाजणारा सॅक्सोफोन, आणि आपल्याला न कळणारं काहीतरी! माझंही तसंच होतं. मग एका रात्री सबमिशनच्या फाइली लिहिताना साडेतेरा मिनिटांचा एक ट्रॅक लागला, 'मॅननबर्ग'. पाचव्या मिनिटाला रूममेट म्हणाला, "अरे, हँग झालंय का? तेच तेच वाजतंय." मलाही तेच वाटत होतं, फक्त मी बोललो नाही. चाल मात्र इतकी हसरी आणि निवांत, की ही समुद्रकिनाऱ्यावरच्या एखाद्या पार्टीची असणार असं मी ठरवूनच टाकलं. इथेच मी सपशेल चुकलो.

आधी 'तेच तेच'चं बघू. दक्षिण आफ्रिकेत 1920 च्या सुमारास जोहान्सबर्गच्या गरीब वस्त्यांमध्ये 'मराबी' नावाचं संगीत वाजायचं. वस्तीतल्या विनापरवाना गुत्त्यांत, ज्यांना तिथे शेबीन म्हणतात, एक जुनाट पियानो आणि रात्रभर नाच. कॉर्ड मोजून तीन, म्हणजे सा, म आणि प यांच्यावर उभे असलेले. चार मापांत चक्र पुरं झालं की पुन्हा पहिल्यापासून. तबल्याच्या सोलोमागे हार्मोनियमवर लेहरा फिरत असतो ना, तसंच समजा. लेहरा 'हँग झालाय' असं कुणी म्हणत नाही, कारण ऐकायचं असतं ते त्याच्यावर चाललेलं काम. हेच तीन कॉर्ड मी कॉन्व्हेंटमध्ये रोज सकाळी प्रार्थनेला ऐकले होते. तिथल्या मिशनच्या शाळांनी आणि चर्चनी हीच गाणी शिकवली, आणि लोकांनी त्यांना नाचायला लावलं.

'मॅननबर्ग'चा कर्ता पियानिस्ट अब्दुल्ला इब्राहिम, जन्म 1934, केपटाऊन. मुसलमान होण्याआधी त्याला डॉलर ब्रँड म्हणत. त्याच्याही घरात चर्चचं संगीत होतं. 1974 मध्ये हे रेकॉर्डिंग करताना त्याने वाजवलेल्या पियानोच्या हातोड्यांना चक्क ड्रॉइंग पिना टोचलेल्या होत्या! आपण बोर्डवर शीट लावायला वापरतो त्याच. पियानोचा हातोडा नमद्याचा, मऊ असतो. तो तारेला जरा जास्त वेळ चिकटतो आणि वरचे हार्मोनिक्स दाबून टाकतो. धातूचं टोक कडक, ते आदळून लगेच सुटतं, त्यामुळे वरचे हार्मोनिक्स जिवंत राहतात आणि आवाज पत्र्यासारखा खणखणीत येतो. म्हणजे पियानो मुद्दाम गुत्त्यातल्या पियानोसारखा केलेला. (व्हायब्रेशनच्या प्रॅक्टिकलला हे दाखवलं असतं तर माझे मार्क वाढले असते.)

आता नावाकडे येऊ. केपटाऊनमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स ही सगळ्या जातीधर्मांची, संगीताने गजबजलेली वस्ती होती. 1966 मध्ये वर्णद्वेषी सरकारने ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली. 60,000 हून अधिक माणसं तिथून उठवली, घरांवर बुलडोझर फिरवले. माणसांना शहराबाहेरच्या उजाड, वाळूच्या मैदानावर नेऊन टाकलं. त्या मैदानावरच्या वसाहतींपैकी एकीचं नाव मॅननबर्ग. माझी 'बीच पार्टी' ती ही!

संगीतकारांचंही तेच झालं. 1960 च्या सुरुवातीला इब्राहिम, ट्रम्पेटवाला ह्यू मासेकेला, सॅक्सोफोनवर किपी मोकेत्सी, ट्रॉम्बोनवर जोनास ग्वांग्वा यांच्या 'जॅझ एपिसल्स'ने रेकॉर्ड केली. त्याच वर्षी 21 मार्चला शार्पव्हिलला पोलिसांनी गोळीबार करून 69 माणसं मारली, आणीबाणी आली, बॅंड फुटला. मासेकेला देशाबाहेर गेला तो तीस वर्षांनी परतला. 'ब्लू नोट्स'मध्ये एक गोरा आणि बाकीचे काळे, म्हणजे एका स्टेजवर उभं राहणंच मुश्कील. 1964 मध्ये तेही गेले. आपण सेमिस्टरला घरी जाता आलं नाही तरी तोंड पाडून बसतो.

'मॅननबर्ग'मागे आपल्या मुलखाचा एक धागाही आहे. रेकॉर्ड काढली रशीद वली या भारतीय वंशाच्या माणसाने. जोहान्सबर्गमध्ये त्याचं रेकॉर्डचं दुकान होतं, नाव 'कोहिनूर'. ट्रॅकमध्ये राजकारणाचं अक्षरही नाही, पण पुढे 1980 च्या दशकात सरकारविरोधी सभांमध्ये हीच धून वाजायची. सॅक्सोफोनवाल्या बॅझिल कोएत्झीला तर लोक 'मॅननबर्ग' म्हणूनच हाक मारू लागले.

ऐकायचं असेल तर एक युक्ती सांगतो. पहिल्यांदा फक्त बेसवर कान ठेवा, चक्र कुठे पुरं होतं ते बोटांवर मोजा. ते अंगात भिनलं की मग कोएत्झीचा सॅक्सोफोन ऐका. तो घाई करत नाही, एकेक वाक्य बोलून थांबतो. त्यानंतर मासेकेलाचं 'स्टिमेला', खाणमजुरांना वाहून नेणाऱ्या आगगाडीबद्दलचं. ब्लू नोट्स मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री लावू नका, डोकं उठेल.

रूममेट परवा स्वतःहून म्हणाला, "ते हँग झालेलं लाव रे."