'गेल्यावर'ची घडी

कोडोली, ता. पन्हाळा

चि. बाळास,



तुझं पत्र पोचलं. सहावीची पोरं सुटी वाक्यं बरी लिहितात, पण दोन वाक्यं जोडायला सांगितली की घोटाळा होतो. सबऑर्डिनेट क्लॉजची व्याख्या पाठ करून घेतली तरी फरक नाही, असं लिहिलंस. मला माझी सुरुवातीची वर्षं आठवली. मीही व्याख्याच पाठ करून घेत असे. पोरं घडाघडा म्हणायची आणि चाचणीत एकालाही वाक्य जमायचं नाही. त्याची टोचणी अजून आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ती व्याख्या आधी फळ्यावरून पूस. सबऑर्डिनेट क्लॉज म्हणजे आपलं गौण वाक्य, आणि ते पोरांच्या तोंडात आहेच. इथं वारणाकाठी घरोघरी ऐकू येणारं वाक्य घे: 'ऊस गेल्यावर बिल येतंय.' त्या 'गेल्यावर'मध्ये एक अख्खं वाक्य घडी घालून ठेवलंय. इंग्रजीत ती घडी उलगडावी लागते: 'आफ्टर द केन गोज टू द फॅक्टरी, वी गेट द मनी.' कोण गेलं, कुठं गेलं, कर्ता आणि क्रियापद दोन्ही उघड्यावर आणायची. 'पाऊस पडताना', 'शाळा सुटेपर्यंत', 'भूक लागली म्हणून' अशी त्यांच्याच बोलण्यातली वाक्यं पोरांकडून मागव आणि एकेक घडी त्यांनाच उलगडायला लाव. आठवडाभर दुसरं काही करू नकोस. पोरांना इंग्रजी येत नाही असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा आपल्याच वाक्यात दोन वाक्यं आहेत हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

मग चूक कुठून येते ते बघ. मराठी जोडीनं चालते: जर-तर, जेव्हा-तेव्हा, जरी-तरी. इंग्रजीला त्यातला एकच टाका पुरतो. पोरगं मराठीच्या सवयीनं दोन्ही घालतं: 'दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट.' रजेच्या अर्जात तर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय: 'ॲज आय ॲम इल, सो आय कॅनॉट कम.' तो 'सो' म्हणजे आपला 'म्हणून' आहे. नुसती लाल रेघ मारू नकोस. 'तुझं मराठी बरोबर आहे, इंग्रजीत एक टाका उसव,' असं सांग. चुकीचं कारण कळलं की पोर ती स्वतःच खोडतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

काळाचंही तसंच. 'मी कोल्हापूरला जाईन तेव्हा वही आणीन' यात आपण दोन्हीकडे भविष्यकाळ वापरतो, म्हणून 'व्हेन आय विल गो' येतं. इंग्रजी भविष्यकाळ मुख्य वाक्यात ठेवते आणि व्हेनच्या मागं साधा वर्तमान: 'व्हेन आय गो टू कोल्हापूर, आय विल ब्रिंग अ नोटबुक.' इफचंही हेच. गंमत म्हणजे 'पाऊस पडला तर' म्हणताना आपण उद्याच्या पावसाला भूतकाळ लावतो! पोरांना हे दाखव. भाषेभाषेचा काळ वेगळा बसतो हे त्यांना आपसूक कळेल.

सर्वांत अवघड विशेषणवाक्य. 'काल आलेले पाहुणे' यात आपलं विशेषण पाहुण्यांच्या पुढं चालतं. इंग्रजीत ते मागून येतं: 'द गेस्ट्स हू केम यस्टर्डे.' यासाठी घाई करू नकोस. चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून आलेल्या पोरांना विचार, काय पाहिलंस? 'गुलालानं माखलेली माणसं', 'सासनकाठी नाचवणारा माणूस' अशी उत्तरं येतील. कागदाच्या पट्ट्यांवर लिहून त्या पट्ट्या मागंपुढं सरकवायला दे. हात हलले की क्रम पक्का बसतो.

स्वल्पविरामाचं थोडक्यात: गौण वाक्य आधी आलं तर द्यायचा, नंतर आलं तर बहुतेक वेळा नको. आणि 'बिकॉज माय मदर वॉज इल' एवढंच लिहून पूर्णविराम दिला असेल, तर मोठ्यानं वाचायला लाव. ऐकणारा 'मग काय झालं?' विचारतो, म्हणजे वाक्य अजून संपलेलं नाही.

नावं अगदी शेवटी सांग, आणि तीही मराठीच्या सरांना बरोबर घेऊन. 1836 साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण छापलं गेलं, तेही इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. मराठीच्या तासाला मिश्रवाक्य, प्रधान वाक्य, गौण वाक्य म्हणतात तीच वस्तू तुझ्या तासाला वेगळं नाव घेऊन येते. एकाच मजल्यावरच्या दोन वर्गांत एकच गोष्ट दोनदा शिकवली जाते आणि पोरांना ती एकच असल्याचा पत्ता नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूची आहे: 2000 पासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. पूर्वीची पोरं पाचवीत सुरू करायची, तुझ्या पोरांच्या हाती पाच वर्षांचे शब्द आधीच आहेत. त्या शब्दांना जोड द्यायचं काम तुझ्या वाट्याला आलंय.

गणपतीला येशील तेव्हा पाच-सहा वह्या घेऊन ये, चुका असलेल्याच. सोप्यावर बसून दोघी मिळून बघू, कुठल्या चुकीखाली कुठलं मराठी वाक्य आहे ते.

तुझी,
आत्या