टाळ-पेटीवरची सुवार्ता

प्रश्न : नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. शेजारचं मराठी कुटुंब ख्रिस्ती आहे. मुलाला नोकरी लागली म्हणून त्यांनी घरी 'उपकारस्तुती' ठेवली, आम्हालाही बोलावलं. गेलो तर सतरंजी, पेटी, टाळ आणि चक्क अभंग! हे मूळचंच, की आम्हाला आपलंसं वाटावं म्हणून?
— एक वाचक, नंदेसरी (जि. वडोदरा)

उत्तर : तुमच्यासाठी केलेला खास बेत नव्हता तो. तुम्ही गेला नसता तरी टाळ वाजलेच असते.

याचं मूळ फार मागे जातं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला. जुनी पुराणं बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय, असा एका नवख्रिस्ती माणसाचा प्रश्न त्याच्या ग्रंथातच आहे. 1616 साली राशोलला छापलेलं 'ख्रिस्तपुराण' हे त्याचं उत्तर. भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपी मात्र रोमन.

पुढे अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पण तुम्ही ऐकलेल्या अभंगामागे बहुधा रेव्हरंड नारायण वामन टिळक असावेत. रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थानं त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी त्यांनीही इंग्रजी वळणाचीच गीतं लिहिली, मग मन तुकोबांकडे ओढलं गेलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते उघड सांगत.

आता 'आपलंसं वाटावं म्हणून' या भागाचं. होय, तेही आहे. सुवार्ता सांगणं ख्रिस्ती माणूस आपलं कर्तव्य मानतो आणि टिळकांनी ते कधी लपवलं नाही. फरक पडला तो सांगण्याच्या तऱ्हेत. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद रंगले होते, तुमचा देव खरा की आमचा. त्यात कोण जिंकलं यावर आजही एकमत व्हायचं नाही. कीर्तनात असा प्रतिपक्षच नसतो. आपल्याला काय मिळालं ते माणूस गाऊन सांगतो. ऐकणाऱ्यानं घ्यावं, नाहीतर प्रसन्न मनानं घरी जावं. माझ्या मते टिळकांना हे बरोबर उमगलं होतं. म्हणूनच 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' हा बंधुसमाज मांडला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली.

हे सगळं गोड-गोड मात्र नव्हतं. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. तो काळ, सोवळं-ओवळं हळूहळू सुटणं आणि 1900 साली त्यांनी स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, सगळं लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. वाचलं नसेल तर आधी ते मिळवा. धर्मांतरावर इतकं खरं आणि इतकं खुसखुशीत मराठीत दुसरं नाही.

उपकारस्तुतीचं म्हणाल, तर नोकरी, बाळंतपण, आजारातून उठणं, नवं घर, काहीही निमित्त चालतं. आधी गीत, मग वचन आणि घरच्या कुणाची तरी साक्ष, म्हणजे काय अडलं होतं आणि कसं निभावलं. मग चहा-फराळ. गावाकडच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, हंगामाच्या सणाला हेच मोठ्या प्रमाणावर होतं. लोक धान्य, भोपळे, नारळ, कोंबड्यासुद्धा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणून वाहतात आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव पुकारतात. बाजारात कवडीमोल असलेला भोपळा तिथं चढाओढीनं भलत्याच किमतीला जातो, कारण पैसे मंडळीच्या कामाला लागणार असतात.

पुन्हा बोलावणं आलं तर शेजाऱ्यांकडे 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक मागून पाहा. मराठी ख्रिस्ती घरात बहुधा असतंच. शेवटच्या चरणात 'दास' असं नाव दिसलं, की टिळकांची सही ओळखावी.