दव सुकलं तरी न सुकणारा थेंब

कासच्या पठारावर सप्टेंबरमध्ये निळ्या-जांभळ्या फुलांचा जो गालिचा दिसतो आणि ज्याच्यासमोर सगळे फोटो काढतात, त्यातली बरीचशी फुलं सीतेच्या आसवांची असतात. हे झाड किडे खातं, हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. फुलाचा त्यात काही हात नाही. शिकार चालते खाली, पाणथळ मातीत. तिथं मोहरीहून बारीक फुगे असतात. फुग्याच्या तोंडाशी एखादा सूक्ष्मजीव टेकला की झडप उघडते आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. डोळ्याचं पातं लवायच्या आत! म्हणून ते बघायला झाड उपटू नका. उपटून काही दिसतही नाही.

डोळ्यांनी बघायची शिकार दवबिंदू नावाच्या झाडाची. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, माती वीतभरही नसते, तिच्यातलं नत्र पाऊस धुऊन नेतो. ती तूट हे झाड किडे पचवून भरून काढतं. लालसर पानांचं चक्र रुपयाच्या नाण्याएवढं, जमिनीला चिकटलेलं. त्याचा भाऊ गवती दवबिंदू उभा वाढतो, पानं दोऱ्यासारखी, त्यामुळे गवतात हमखास हरवतो. दोघांच्याही पानांवरच्या केसांच्या टोकांवर चिकट थेंब असतात.

ओळखायची खूण सोपी आहे. सकाळी सगळ्याच गवतावर दव असतं. अकरा-बाराला ऊन चढल्यावर पुन्हा बघा: दव सुकलेलं असेल, हे थेंब चमकतच असतील. मुसळधार पावसात हा चीक धुऊन जातो, म्हणून दोन दिवस उघडीप मिळाल्यावर जा. सूर्य झाडाच्या मागे येईल असे बसा, थेंब पेटल्यासारखे दिसतात.

बसायचं ते मात्र उघड्या कातळावर. गुडघा टेकण्याआधी खालची जागा नीट न्याहाळा. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा. मुंगी पकडून पानावर टाकण्याचा मोह आवरा, पानाला बोटही लावू नका.

सातारा ते कास साधारण २५ किलोमीटर. हंगामात आधी नोंदणी करावी लागते. शक्यतो मधल्या वारी जा. कासच हवं असंही नाही. कोकणातल्या सड्यांवरही ही मंडळी उगवतात. गावात विचारून, कुणाची तरी सोबत घेऊन पाणी झिरपणाऱ्या खळग्यांच्या कडा धुंडाळा. तासाभरात शंभर पावलं झाली तरी पुष्कळ.